सुनेला शिकवलेली रोजरी

आम्ही कॅथोलिक, माझी सून हिंदू घरातली. लग्नानंतरच्या पहिल्याच ऑक्टोबरात, म्हणजे आमच्या रोजरीच्या, माळेवर म्हणायच्या प्रार्थनेच्या महिन्यात, तिने विचारलं, "आई, तुम्ही येशूच्या आईची, मरियेची पूजा करता ना?" मी म्हटलं, बस माझ्या शेजारी, आधी हातात माळ घे.

माळेचा क्रूस चिमटीत धरायचा, क्रूसाची खूण करायची आणि आपला विश्वास सांगणारा मतांगिकार म्हणायचा. मग एका मोठ्या मण्यावर "हे आमच्या स्वर्गीय पित्या", तीन लहान मण्यांवर मरियेची छोटी प्रार्थना "नमो मरिया" तीनदा आणि त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याचा गौरव. इथून, पदकापासून, गोल माळ सुरू होते. दहा-दहा मण्यांचे पाच गट. प्रत्येक गटाआधी एक रहस्य, म्हणजे येशू-मरियेच्या जीवनातला एक प्रसंग सांगायचा, मोठ्या मण्यावर स्वर्गीय पित्या, दहा मण्यांवर नमो मरिया, शेवटी गौरव. असे पाच गट झाले की मरियेला राणी म्हणणारी राणीची प्रार्थना. सगळं मिळून वीसेक मिनिटं लागतात.

पहिल्या दिवशी सून पदकापाशी आली आणि माळ उलटी फिरवायला लागली. तिच्या आजीच्या जपमाळेत मेरुमणी ओलांडत नाहीत! मी म्हटलं, आपल्यात तसं काही नाही, पदकापाशी आलीस की संपलं.

सोमवारी आणि शनिवारी आनंदाची रहस्ये, मंगळवारी-शुक्रवारी दुःखाची, बुधवारी-रविवारी गौरवाची. गुरुवारची प्रकाशाची रहस्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 साली दिली. माझ्या आईला ती कधी पाठ झाली नाहीत, ती गुरुवारीही आनंदाचीच म्हणायची.

खरी गोम रहस्यांतच आहे. तोंडाने नमो मरिया म्हणायचं, पण मन रहस्यावर ठेवायचं. दुःखाचं पहिलं रहस्य असेल तर गेथशेमाने बागेत घाम गाळणारा येशू डोळ्यांपुढे हवा. मन भाजीकडे गेलं तर पुढच्या मण्यावर परत आणायचं, मागे जाऊन पुन्हा मोजत बसायचं नाही. आणि घाई नको. आमच्याकडे काही जण विरार लोकल सुटत असल्यासारखी म्हणतात. एकाचं "आमेन" व्हायच्या आत दुसऱ्याचं "नमो" सुरू.

आता पूजेचं. नमो मरियाचा पहिला भाग बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातला आहे: आधी गब्रिएल दूताने मरियेला केलेलं अभिवादन, मग तिची नातलग एलिझाबेथ हिचे शब्द. घरात हा भाग एकाने म्हणायचा. दुसरा भाग ख्रिस्तसभेचा, म्हणजे चर्चने जोडलेला, तो बाकीच्यांनी. त्यात आपण मागतो काय? आम्हा पाप्यांसाठी विनंती कर. देणारा देव, ती आपल्यासाठी मागणारी. आराधना फक्त देवाची, मरियेला मान. तिला "देवाची माता" म्हणायचं हे 431 साली इफिससच्या बिशपांच्या परिषदेत ठरलं, तेही येशू कोण आहे या वादातून: तो खरा देव, म्हणून ती देवाची आई. माझी नगरकडची प्रॉटेस्टंट मैत्रीण मात्र म्हणते, थेट येशूकडेच माग की! मी तिला काना गावचं लग्न सांगते. द्राक्षारस संपला हे येशूला मरियेनेच सांगितलं, आणि चाकरांना म्हणाली, तो सांगेल ते करा. शुभवर्तमानात यानंतर तिच्या तोंडी एक शब्दही नाही. मैत्रीण तरी माळ घेत नाही. तिच्या घरी मीही बायबल घेऊन बसते.

सुरुवातीला रोज पाच गट झेपत नसतील तर एकच म्हणा, पण ठरलेल्या वेळी. आमच्याकडे दिवेलागणीला, टीव्ही बंद करून. माळ प्लॅस्टिकची चालते, फादरांकडून आशीर्वादित करून घ्या. सून आता गाडीत म्हणते. गर्दीत पर्समधून माळ काढता येत नाही, तेव्हा बोटांवर मोजते. बोटंही दहाच.