हायस्कूलचं प्री-इंजिनीअरिंग आणि कॉलेजचं क्रेडिट: या चुका टाळा

अमेरिकेत मुलं नववीत गेली की महाराष्ट्र मंडळातल्या पालकांच्या गप्पांत ‘प्रोजेक्ट लीड द वे’ हे हायस्कूलातल्या प्री-इंजिनीअरिंग कोर्सचं नाव हमखास निघतं. हे कोर्स घेतले की इंजिनीअरिंगला प्रवेशही मिळतो आणि वर क्रेडिटही, म्हणजे पदवीच्या हिशेबात आधीच जमा धरलेला अभ्यास, असं एकमेकांना छातीठोक सांगितलं जातं. पण प्रवेश एक ऑफिस देतं आणि क्रेडिट दुसरंच कुणीतरी ठरवतं, त्यामुळे दोन्हीकडे वेगळी चौकशी करावी लागते.

सगळ्यात महागात पडते ती वेळापत्रकातली चूक. नववीत ‘इंट्रोडक्शन टू इंजिनीअरिंग डिझाइन’, दहावीत ‘प्रिन्सिपल्स ऑफ इंजिनीअरिंग’, पुढे ‘डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स’. दरवर्षी वेळापत्रकातला एक तास त्यात जातो आणि अकरावीत लक्षात येतं, की केमिस्ट्री किंवा फिजिक्सला जागाच उरली नाही. एमआयटी अर्जदारांना फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी प्रत्येकी एक वर्ष आणि कॅल्क्युलसपर्यंत गणित सुचवते. रोबॉट बनवलेला मुलगा त्यांना आवडेलच, पण फिजिक्सची जागा रोबॉट भरून काढत नाही. उशीर झालाच असेल, तर उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजात प्रयोगशाळेसह तो विषय करता येतो. मात्र शाळा तो धरणार का, हे काउन्सेलरकडून आधी लेखी घ्या.

कॅलिफोर्नियात आणखी एक मेख आहे. यूसी म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठांना ‘ए-जी’ म्हणजे ‘ए’ ते ‘जी’ या गटांतले ठरावीक विषय लागतात आणि त्यांची मान्यता शाळेनुसार असते. तोच कोर्स एका शाळेत ‘डी’ म्हणजे विज्ञान म्हणून मान्य असेल, तर शेजारच्या शाळेत ‘जी’ म्हणजे नुसता ऐच्छिक. मैत्रिणीच्या मुलाचं ऐकू नका. यूसीच्या यादीत आपल्याच शाळेचं नाव टाकून बघा.

आता क्रेडिट. ते मिळालं म्हणजे विषय सुटला, असं नाही! एबीईटी या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या संस्थेने मान्य केलेल्या इंजिनीअरिंग पदवीत किमान ३० सेमिस्टर क्रेडिट गणित-विज्ञानाचे आणि ४५ इंजिनीअरिंगचे लागतात. हायस्कूलचं क्रेडिट अनेकदा ‘फ्री इलेक्टिव्ह’च्या, म्हणजे कोणताही विषय चालेल अशा खात्यात जातं आणि इंजिनीअरिंगमध्ये त्या खात्याला जागा फारच थोडी. त्यामुळे ‘किती क्रेडिट देता?’ यापेक्षा ‘कोणत्या विषयाऐवजी देता?’ हे विचारा. एपीतही, म्हणजे हायस्कूलातल्या कॉलेज पातळीच्या कोर्स-परीक्षांतही, हाच घोळ होतो. एपी फिजिक्स १ बीजगणितावर चालतं, म्हणून इंजिनीअरिंगचे विभाग ते सहसा आपल्या फिजिक्सऐवजी धरत नाहीत. तिथे कॅल्क्युलसवर चालणारं एपी फिजिक्स सी कामाला येतं. कॅल्टेक तर एपीला क्रेडिटच देत नाही.

ड्युअल एन्रोलमेंटमध्ये हायस्कूलात असतानाच कॉलेजचा कोर्स होतो. त्यात पडलेला ‘सी’ हा कॉलेजचा कायमचा ग्रेड असतो, हे मुलांना कुणी सांगत नाही. शिवाय हायस्कूलच्या डिप्लोमासाठी मोजलेला कोर्स बरीच खासगी कॉलेजं पुन्हा क्रेडिटसाठी धरत नाहीत. राज्यातल्या सरकारी विद्यापीठांत त्या मानाने सोपं जातं.

क्रेडिट दिसतच नसेल, तर आधी कागद तपासा. अर्जात स्वतः भरलेल्या एपी गुणांवर क्रेडिट मिळत नाही. ते एपी परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्ड या संस्थेकडून अधिकृतपणे जावे लागतात. ड्युअल एन्रोलमेंटची ट्रान्सक्रिप्ट म्हणजे गुणपत्रिकासुद्धा ज्या कॉलेजने कोर्स दिला त्याच्याकडूनच लागते, हायस्कूलची चालत नाही. प्रोजेक्ट लीड द वेच्या क्रेडिटसाठी काही कॉलेजं वेगळी नोंदणी आणि फी मागतात. तिची मुदत वर्ष चालू असतानाच शिक्षकांना विचारून ठेवा.

एवढं करूनही नकार आला, तर अभ्यासक्रमाची प्रत, प्रोजेक्ट रिपोर्ट आणि इंजिनीअरिंग नोटबुक घेऊन मुलाने स्वतः विभागाच्या अ‍ॅडव्हायझरला भेटावं. आईबाबांच्या ईमेलला तिथे उत्तर येईलच असं नाही, कारण कॉलेजात विद्यार्थ्याच्या परवानगीशिवाय त्याची माहिती पालकांनाही सहसा देत नाहीत.