घरात मारहाण, दारू आणि डोक्याचा आजार एकदमच असलं तर सुरुवात कुठनं करायची

आमच्या नात्यातल्या एका घरात हे तिन्ही होतं आणि आम्ही सगळे वर्षानुवर्षं एकच धरून बसलो, दारू सुटली की नीट होईल. दारू तीन महिने बंद झाली तरी हात उठतच होता. तेव्हा कळलं, तिन्ही गोष्टी एकमेकीत गुंतलेल्या असल्या तरी एकीच्या औषधानं दुसरी बरी होत नाही.

म्हणून आधी बाई आणि पोरं सुरक्षित. चार मोठी माणसं बोलावून दोघांना समोरासमोर बसवायची आपल्याकडं सवय, पण बैठक उठल्यावर रात्री त्या घरात तीच एकटी असते, म्हणून ते नकोच. आधार, रेशन कार्ड, पासबुक, पोरांच्या शाळेची कागदं, रोजच्या गोळ्या एका पिशवीत घालून विश्वासाच्या शेजारणीकडं ठेवा. अंगावर धावून आला तर 112, सल्ला, आसरा पाहिजे तर 181. मार लागला तर दवाखान्यात "पडले" सांगू नका, कुणी मारलं ते केसपेपरवर लिहायला लावा, पुढं कोर्टात तेच कामाला येतं.

2005 च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यानं घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी तिला असंच बाहेर काढता येत नाही. तक्रार आपल्या कर्नाटकात तालुक्याच्या सीडीपीओ ऑफिसात, म्हणजे अंगणवाडीचं काम बघतात तिथं. वकील फुकट मिळतो, 15100 ला विचारा. कागद कन्नडमध्ये असले तर मराठीत वाचून दाखवल्याशिवाय सही, अंगठा काही नाही, हे अगदी ठाम सांगा. आणि आपल्या सीमाभागातल्या बायकांनी हे लक्षात ठेवाच, माहेर गडहिंग्लज, चंदगडकडं असलं आणि ती तिथं राहायला गेली असली तर अर्ज तिथल्या कोर्टातही करता येतो, बेळगावलाच यायला पाहिजे असं नाही.

दारूचं. रोज पिणाऱ्याला कोंडून एकदम बंद करू नका, दोन-तीन दिवसांत थरथर, भास, झटके येतात, जीव पण जातो. डॉक्टरच्या देखरेखीखालीच सोडवायची. जेवणात गुपचूप दारू सोडवायची गोळी घालायचं तर अजिबात नको, वरनं दारू प्यायला तर माणूस दगावू शकतो.

डोक्याच्या आजारासाठी देवऋषीकडं फेऱ्या मारण्याआधी टेलीमानसला, म्हणजे मनाच्या आजारासाठीच्या सरकारी हेल्पलाइनला 14416 लावा, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. धारवाडला डिमहान्स हा डोक्याच्या आजाराचा सरकारी दवाखाना आहे, कर्नाटकच्या शक्ती योजनेमुळं साध्या बसला बाईला तिकीट नाही. आजारी माणूस मारतोच असं काही नाही, बहुतेक आजारी माणसं कुणाला बोट लावत नाहीत, म्हणून "आजारी आहे, सोसून घे" कुणी म्हणू नका. आणि तिचीही झोप उडाली असली, जगून काय करू असं ती बोलत असली तर तिलाही डॉक्टर पाहिजे, नंतर नाही, आत्ताच.

डॉक्टरला दारू, मारहाण, गोळ्या सगळं सांगा, पण मारहाणीचं तो समोर नसताना. आणि नात्यातलं एकच माणूस सगळीकडं सोबत जाऊ दे, म्हणजे तिला तेच दुखणं दहा टेबलांवर पहिल्यापासनं सांगाय लागत नाही. तारखा, औषधं, कोण काय म्हणालं ते वहीत लिहा. वही त्या माणसाच्या घरात ठेवायची, तिच्या फोनमध्ये नको, फोन तो बघतो.