वस्तीतल्या धुराची तक्रार करायची तर सुरुवात वहीपासून करा

मुंबईत गोवंडीला देवनारचं डम्पिंग, म्हणजे शहराचा कचरा टाकायचं मैदान, 1927 पासून आहे, आणि त्याच्या कडेला लोक काही हौसेने राहायला गेले नाहीत. कुणाला शहरातून हटवून तिथे आणून टाकलं, कुणाला भाडं तेवढंच परवडत होतं. 2016 च्या जानेवारीत डम्पिंग पेटलं, धूर पार शहरभर गेला तेव्हा कुठे बातम्या झाल्या, गल्लीतल्या लोकांना मात्र तो आधीपासूनच ओळखीचा.

तर नुसतं "वास येतो हो साहेब" म्हणून भागत नाही. दोनशे पानी वही घ्या आणि रोज लिहा, तारीख, वेळ, वारा कुठून होता, वास कसला (जळकं प्लास्टिक, सडका कचरा, केमिकल), किती वेळ टिकला, घरात कोणाला दम लागला. दवाखान्याची चिठ्ठी फेकायची नाही. रात्री बाहेर ओला पांढरा रुमाल वाळत घाला, सकाळी त्यावर काळे कण दिसले की लगेच फोटो काढा. आमच्या शेजारच्या काकू उंबऱ्याला ओला टॉवेल लावून झोपायच्या, माझ्या वहीतली पहिली नोंद तीच आहे.

समीर या सरकारी ॲपवर हवा किती खराब आहे त्याचा आकडा बघा, पण हवा मोजणारं स्टेशन नक्की कुठे आहे तेही बघा, लांबच्या स्टेशनवर तुमच्या गल्लीतला धूर दिसेलच असं नाही. हे वहीत लिहाच.

मग माहितीचा अधिकार. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखाली असाल तर फी नाही. महाराष्ट्रात अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो. ज्या प्लांटचा किंवा डम्पिंगचा धूर येतो त्याच्या कन्सेंटची, म्हणजे चालवायच्या परवानगीची, अटींसकट प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मागा, उत्तराची मुदत 30 दिवस. अटी हातात आल्या की कुठली मोडली ते वहीतल्या तारखेसकट तक्रारीत लिहा, आणि पोचपावतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, मला एकदा तसंच परत पाठवलं आणि दोन महिने वाया गेले.

तरी हललं नाही तर पुण्याचं हरित न्यायाधिकरण, म्हणजे पर्यावरणाच्या तक्रारींचं कोर्ट, आहे, प्रकार घडल्यापासून साधारण सहा महिन्यांच्या आत जावं लागतं म्हणून तारखा जपा. मुंबईतच रिफायनरीशेजारी माहुलला नेऊन टाकलेल्या लोकांना दुसरीकडे राहायला महिना 15,000 रुपये भाडं मिळावं असा आदेश 2019 मध्ये हायकोर्टाने दिला, तो ते असेच चिकाटीने लढले म्हणून.

सगळ्याच्या तीन झेरॉक्स काढा, एक वस्तीबाहेरच्या नातेवाईकाकडे द्या, घरातली प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर ठेवा, पावसात खाली पाणी भरतं.