माडाच्या शेजारी सोनटक्का कसा फुलवावा

"माडाच्या बुंध्याशीच लावा, सावलीही मिळते आणि आळ्यातलं पाणीही आयतं." सोनटक्क्याचे गड्डे आणले की हा सल्ला कोणीतरी देतंच. देणाऱ्याने तो लावून तीन वर्षं पाहिलेली नसतात. मी पाहिली आहेत. पहिल्या पावसात माझ्या खांद्याएवढी पानं आली, गणपतीत फुलं आली आणि मी शेजारणींना बोलावून दाखवली. दुसऱ्या वर्षी मोजून चार दांडे फुलले. तिसऱ्या वर्षी कमरेएवढी पिवळट पानं, फूल एक नाही. गड्डे काढायला पहार मारली तर ती आत जाईना. खाली माती उरलीच नव्हती, काथ्याच्या पायपुसण्यासारखी माडाच्या मुळांची चटई होती आणि तिच्यात बोटाएवढे सुरकुतलेले गड्डे अडकले होते.

दोष सावलीचा नव्हता. आपल्याकडे पाऊस पडतो भरपूर, पण चार महिन्यांत. जांभ्याच्या मातीत तो फार काळ टिकत नाही. दिवाळीनंतर माड आणि सोनटक्का एकाच पाण्यासाठी झगडतात, आणि त्यात माडच जिंकतो.

म्हणून जागा आधी. माडाची खाणारी मुळं बहुतेक बुंध्यापासून २ मीटरच्या आतच असतात. ७.५ मीटरवर लावलेल्या बागेत चार माडांच्या बरोबर मध्यावर गेलात तर प्रत्येक बुंधा साधारण ५.३ मीटरवर पडतो. तिथे लावा. सकाळचं ऊन लागलं पाहिजे, गर्द सावलीत नुसती पानंच येतात. आंब्या-फणसाखाली लावूच नका. बांबूच्या बेटाजवळ तर विचारही नको.

लावणी सोपी आहे: मृगाचा पहिला पाऊस झाला की दोन-तीन डोळ्यांचा गड्डा, डोळे वर करून, दोन-तीन इंच खोल, हातभर अंतरावर, भरपूर शेणखतात.

आता माडाची मुळं अडवणारा चर. जुन्या दाट आगरात मध्य सापडतच नाही, तिथे याच्याशिवाय गत्यंतर नाही, आणि मी सगळ्यात जास्त चुका इथेच केल्या. पाऊस संपला, माती अजून मऊ आहे, तेव्हा वाफ्याच्या माडाकडच्या बाजूने वीतभर रुंद आणि दीड फूट खोल चर मारा. आड येणारी मुळं धारदार कोयत्याने साफ तोडा. माडाचं काय होईल म्हणून घाबरू नका, पण आळ्याच्या आत मात्र कुदळ नेऊ नका. माडाची मुळं दीड फुटाच्या खालीही जातात, हे मला ठाऊक आहे. पण सोनटक्क्याचा गड्डा वरच्या फूटभर मातीतच पसरतो, आपल्याला तेवढीच माती राखायची आहे.

आणि तो चर भरू नका. पहिल्या वर्षी मी त्यात शेणखत घातलं, म्हणजे माडाला पंगतच वाढली. पुढच्या वर्षी सोडणं, म्हणजे नारळाची काढलेली सालं, घातली. ती पाणी धरून ठेवतात, मुळं तिथेच गोळा झाली. चर रिकामा, कोरडा हवा. उघड्यावर आलेलं मूळ आपोआप सुकतं. वर झावळं टाका, नाहीतर तिन्हीसांजेला कोणाचा तरी पाय जायचा. आमच्याकडे माझाच गेला आणि पंधरा दिवस मी लंगडत होते. पावसात चर बुजतो, म्हणून दिवाळीनंतर पुन्हा मारायचा. दरवर्षी. "एकदाच पत्रा पुरा, कटकट संपते" म्हणणाऱ्यांनी खाऱ्या हवेत पत्रा किती टिकतो ते पाहावं.

पुळणवट, म्हणजे वाळूच्या, जमिनीत चर उभाच राहत नाही. तिथे अर्धा कापलेला प्लास्टिकचा ड्रम वापरा, तळाला भोकं पाडून. तो चार चिऱ्यांवर ठेवा, थेट मातीवर नको. मातीवर ठेवलात तर मुळं भोकांतून वर येतात, आणि ती आलेली कळतात ती ड्रम हलवायला गेल्यावरच.

नोव्हेंबर ते मे एक दिवसाआड पाणी आणि वर वीतभर पातेरा, म्हणजे वाळका पालापाचोळा. मोरीचं पाणी चालतं, साबणाचं नको.

फुलून गेलेला दांडा पुन्हा फुलत नाही, तो मुळाशी कापा. तीन वर्षांनी बेट मधोमध पोकळ दिसू लागलं की मृगाआधी उपटून कडेचे जाड गड्डे तेवढे परत लावा. मधले म्हातारे गड्डे शेजारणीला देऊ नका, फुललं नाही की ती तुम्हालाच बोलेल.