केमोच्या मध्ये दिवाळीला गावी जायचंय? आधी दिवस मोजा, मग तिकीट काढा

मुंबईत केमो चालू असताना दिवाळीला गावी जाता येतं. निघायचं कधी, हे मात्र शेवटची केमो कोणत्या तारखेला झाली त्यावर ठरवायचं. ‘डॉक्टरांनी सोडलंय ना, मग आजच निघा, घरचं खाऊन बरं वाटेल,’ हा टाटा रुग्णालयाजवळच्या परळच्या धर्मशाळांमधून हमखास मिळणारा सल्ला ऐकू नका.

संसर्गाशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी केमो झाल्या झाल्या उतरत नाहीत. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान त्या सगळ्यात कमी होतात. दुसऱ्या दिवशी माणूस हिंडता-फिरता असतो, म्हणून घरचे त्याला गाडीत बसवतात आणि ऐन लक्ष्मीपूजनाच्या रात्री त्याचे काउंट तळाला गेलेले असतात. सायकल, म्हणजे एका केमोपासून पुढच्या केमोपर्यंतचा काळ, २१ दिवसांची असेल तर पंधराव्या दिवसानंतर निघा आणि पुढच्या केमोच्या दोन दिवस आधी परत या. दर आठवड्याची केमो, ब्लड कॅन्सर, बोन मॅरो ट्रान्सप्लांट यांना हा हिशेब लागू नाही. तिथे डॉक्टर सांगतील तेच. दिवाळी नेमकी नवव्या-दहाव्या दिवशी येत असेल तर तारीख हलवता येईल का हे आधीच्या ओपीडीत विचारा. परस्पर केमो चुकवू नका. रेडिएशन चालू असेल तर सणासाठी एकही शेक बुडवायचा नाही. उपचार लांबले की गाठीच्या पेशींना पुन्हा वाढायला वेळ मिळतो, तोंडाच्या-घशाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये तर जास्तच.

निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी, करा. रिपोर्टमध्ये एकूण पांढऱ्या पेशी २,४०० आणि त्यातल्या न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या मुख्य पांढऱ्या पेशी) ३० टक्के असतील, तर २,४०० चे ३० टक्के म्हणजे ७२०. बघायचा आकडा हा. तो ५०० च्या खाली असेल तर प्रवास रद्द. हजाराच्या खाली असेल तर रिपोर्ट डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पाऊल उचलू नका.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. रुग्णालयातून सवलतीचा फॉर्म सही-शिक्क्यासह घ्या. स्लीपर आणि थ्री एसीमध्ये रुग्णाचं भाडं पूर्ण माफ होतं, सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. तत्काळमध्ये सवलत नाही. परतीचं तिकीट त्याच वेळी काढा.

औषधं आणि फाईल हातातल्या पिशवीत. मॉर्फिन (तीव्र वेदनेवरचं औषध) असेल तर मूळ चिठ्ठी सोबत हवीच. पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन न्यायचं असेल तर ते २ ते ८ अंशात राहायला हवं. रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये बर्फाचा पॅक टॉवेलात गुंडाळून ठेवा आणि इंजेक्शनचा डबा टॉवेलाच्या वर. बर्फाला थेट चिकटलं की ते गोठतं आणि गोठलेलं इंजेक्शन फेकूनच द्यावं लागतं.

आता ताप. सगळी तयारी नीट करणारी घरंसुद्धा इथेच फसतात, म्हणून हा भाग घरातल्या प्रत्येकाला वाचून दाखवा.

तोंडात डिजिटल थर्मामीटर लावून १००.४ किंवा जास्त आलं, तर ती इमर्जन्सी आहे. गरम चहा प्यायल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबून मोजा. काखेत आकडा कमी दिसतो, म्हणून तिथे १०० आले तरी ताप धरा. एरवी जखम लाल होते, सुजते, पू होतो, कारण पांढऱ्या पेशी तिथे लढत असतात. त्या पेशीच नसतील तर यातलं काहीच दिसत नाही. बऱ्याचदा ताप ही एकच खूण मिळते, आणि काही तासांत संसर्ग रक्तभर पसरू शकतो. स्टेरॉइड चालू असेल तर तापही दबतो. हुडहुडी, गुंगी, गार पडलेले हातपाय हेही तापाइतकंच गंभीर धरा.

क्रोसिन, डोलो देऊन ‘सकाळी बघू’ म्हणायचं नाही. गोळीने थर्मामीटरचा आकडा उतरतो, आत संसर्ग वाढत राहतो. गावातल्या दवाखान्यात कमरेवर सुई घेऊ नका. प्लेटलेट कमी असतील तर तिथेच रक्त साकळतं. गुदद्वारातून औषध किंवा एनिमाही नको.

आणि ताप आलेल्या माणसाला घेऊन मुंबईची गाडी धरू नका. सिंधुदुर्ग किंवा लातूरहून परळ गाठेपर्यंत अख्खी रात्र जाते, आणि दवाखान्यात पोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. पहिला डोस जवळच्या रुग्णालयातच, मग पुढचं मुंबईच्या डॉक्टरांना विचारून.

ते रुग्णालय निघण्याआधी ठरलेलं हवं. बार्शीचं नर्गिस दत्त, डेरवणचं वालावलकर रुग्णालय, नागपूरची कॅन्सर रुग्णालयं जवळ असतील तर उत्तम, नाहीतर जिल्हा रुग्णालय. फोन करून स्पष्ट विचारा: लक्ष्मीपूजनाच्या रात्री डॉक्टर असतील का, सीबीसी होईल का, शिरेतून द्यायची अँटिबायोटिक आणि बेड आहे का? ‘या, बघू’ असं उत्तर आलं तर दुसरीकडे विचारा. रात्री दोन वाजता गाडी कोण काढणार ते नावानिशी ठरवा; १०८ चा नंबर सगळ्यांकडे असू द्या. फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा: ‘केमो अमुक तारखेला झाली. ताप आहे. न्यूट्रोपेनिक फिव्हरची शक्यता. सीबीसी, ब्लड कल्चर आणि शिरेतून अँटिबायोटिक लगेच हवं.’ न्यूट्रोपेनिक फिव्हर म्हणजे पांढऱ्या पेशी कमी असताना आलेला ताप, ब्लड कल्चर म्हणजे रक्तात जंतू आहेत का ते बघायची तपासणी. घाबरलेल्या माणसाला ऐन वेळी हे सुचत नाही, कागद दाखवता येतो.

घरची साफसफाई, रंग, सारवण रुग्ण पोचायच्या दोन-तीन दिवस आधी संपवा. माळ्यावरच्या धुळीत आणि शेणात बुरशी असते आणि ती अशा माणसाच्या फुप्फुसात घर करते. फटाक्यांच्या वेळी खिडक्या बंद. रेडिएशनच्या जागेवर तेल-उटणं लावायचं नाही, तिथे रेडिएशनसाठी काढलेल्या खुणा पुसायच्या नाहीत. तोंड आलेलं असेल तर चकली आणि तिखट शेव टाळा, ताजा गरम शिरा चालतो. कच्च्या दुधाचं पंचामृत, कोशिंबीर, सकाळपासून बाहेर राहिलेली ओल्या खोबऱ्याची चटणी नको. पाणी उकळून गार केलेलं.

भेटायला येणाऱ्यांना ओसरीवर बसवा, गळाभेट नको. सर्दी-खोकला किंवा कांजिण्या झालेलं मूल घरातलं असलं तरी दूर ठेवा. हे सांगायचं काम रुग्णावर टाकू नका. तो संकोचाने प्रत्येकाला पाया पडू देतो. घरातल्या मोठ्या माणसाने दारातच सांगावं.

पिक लाईन (दंडातल्या शिरेत बसवलेली केमोची नळी) असेल तर दर आठवड्याचं फ्लशिंग (नळी धुणं) आणि ड्रेसिंग कुठे होईल ते विचारून ठेवा. धर्मशाळेत परतीची तारीख लेखी देऊन जा, नाहीतर दिवाळीनंतरच्या गर्दीत खोली दुसऱ्याला जाते. मुंबईत पोचलात की केमोच्या आदल्या दिवशी पुन्हा सीबीसी.