शेवळं खाजली, टाकळा कडू झाला? रानभाज्या करताना या चुका टाळा

मृगाच्या एक-दोन सरी पडल्या की ठाण्यात जांभळी नाक्यावर आणि स्टेशनबाहेर मुरबाड-शहापूरकडच्या बायका शेवळं, टाकळा, फोडशी घेऊन बसतात. भाजी अगदी ताजी असते, तरी बऱ्याच घरांत ती पहिल्याच खेपेला बिघडते आणि ‘आमच्याकडे नाही खात कुणी’ असा शिक्का बसतो. मेथी-पालकाची रीत इथे लावली की असं होतं. रानभाजीचं खरं काम गॅस पेटवायच्या आधी, निवडताना असतं.

शेवळं: सगळ्यात जास्त चुका इथेच

शेवळं सुरणाच्या कुळातली. तिच्यात कॅल्शियम ऑक्सलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. ते जिभेला आणि घशाला टोचतात, म्हणून खाज सुटते. नुसतं चिरून फोडणीला टाकलं तर ही खाज जात नाही.

आधी हाताला तेल लावा आणि हात कोरडे ठेवा. बाहेरचं जांभळट-तपकिरी वेष्टन सोलून काढा. आत जो दांडा निघतो, त्याच्या खालच्या अंगाला पिवळसर, दाणेदार पट्टा असतो. तो पूर्ण कापून टाका, कणभरही ठेवू नका. घाईत नेमका तोच राहतो. उरलेला भाग अगदी बारीक चिरा, कारण जाड फोडी आतून कच्च्या राहतात.

दुसरी चूक म्हणजे काकडं न घेणं. शेवळांच्या शेजारीच आवळ्यासारखी दिसणारी छोटी, हिरवट, आंबट फळं मांडलेली असतात, तीच काकडं. दोन वाट्या चिरलेल्या शेवळांना १२ ते १५ काकडं पुरतात. ती ठेचा, बिया काढा आणि कपभर पाण्यात कोळून गाळून घ्या. काकडं मिळालीच नाहीत तर लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ किंवा ५-६ आमसुलं चालतील, पण चव तीच येणार नाही.

तेलात हात आखडू नका. चार मोठे चमचे तेलात शेवळं मध्यम आचेवर तांबूस होईपर्यंत परता, ८-१० मिनिटं तरी लागतील. मग काकडाचं पाणी घालून २० मिनिटं चांगलं उकळू द्या. भिजवून सोललेले वाल किंवा कोलंबी त्यानंतर घाला. आधी घातली तर शेवळं शिजेपर्यंत कोलंबी चामड होते.

चाखून बघताना लोक लगेच ‘झाली’ म्हणतात. खाज उशिरा जाणवते. एक कण गार करून जिभेच्या टोकावर ठेवा आणि दोन मिनिटं थांबा. चुरचुरलं तर आणखी आंबट घालून दहा मिनिटं उकळा. तरीही खाजली तर ती भाजी टाकून द्या. लहान मुलांच्या ताटात तर मुळीच वाढू नका.

टाकळा ओळखण्यात होणारी गफलत

पावसाळ्यात घणसोली, कोपरखैरणेच्या मोकळ्या प्लॉटवर टाकळ्यासारखं बरंच काही उगवतं. टाकळ्याच्या एका पानाला सहा पानोळ्या, म्हणजे तीन जोड्या असतात आणि त्या टोकाला गोलसर असतात. कासविंद्याच्या पानोळ्या टोकदार असतात, आणि जोड्या चार-पाच. तो भाजी म्हणून खाऊ नये. शिवाय रस्त्याकडेचा किंवा कारखान्यांजवळचा पाला, ओळख पटली तरी घेऊ नका. येऊर तर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग आहे, तिथून काहीही खुडून आणायचं नाही.

विकत घेताना फुलं-शेंगा न आलेला, वीतभर उंचीचा कोवळा टाकळाच निवडा. शेंडा नखाने सहज तुटला पाहिजे. जून टाकळा उग्र लागतो, आणि त्यात कितीही गूळ घातला तरी तो सुधारत नाही. पहिल्यांदा खाताना वाटीभरच खा, कारण टाकळा सारक आहे.

भारंगीचं पाणी आणि फोडशीची माती

भारंगीची पानं कडू असतात. ती चिरून ७-८ मिनिटं उकळा, पाणी ओता, पाला घट्ट पिळा आणि मगच भिजवलेल्या मुगाच्या डाळीबरोबर परता. पाणी ठेवलं तर सगळी भाजी कडू होते.

फोडशीत मात्र कडूपणा नाही, तिथे माती असते. पातीच्या पांढऱ्या बुंध्याला पापुद्रे असतात आणि त्यांत ती अडकते. नळाखाली जुडी धरून काही होत नाही. मुळाकडचा बोटभर भाग कापा, पाती सुट्या करा आणि मोठ्या पातेल्यात तीन पाणी धुवा. दरवेळी भाजी वर उचलून घ्या. पातेलं चाळणीत उपडं केलंत तर तळाशी बसलेली माती पुन्हा पानांवर येते. धुवून झाल्यावरच चिरा.

मीठ कुठल्याही पालेभाजीत शेवटी घालायचं, फोडशीत तर नक्कीच. कढईभर दिसणारा पाला आटून वाटीभर उरतो, आणि आधी अंदाजाने घातलेलं मीठ खारट लागतं. चार माणसांना तीन जुड्या घ्या. झाकण ठेवू नका, नाहीतर पाणी सुटतं आणि हिरवा रंग काळपट होतो. रंगासाठी सोडाही नको, त्याने पाला गिळगिळीत होतो आणि क जीवनसत्त्व नासतं.

करटोली सोलू नका, काटे मऊच असतात. आडवी चिरून बघा: बी पांढरी, कोवळी असेल तर राहू द्या, टणक असेल तर काढा. पाणी न घालता, झाकण न ठेवता दोन चमचे तेलात १०-१२ मिनिटं परतली की पुरे.

ठाण्याच्या दमट हवेत पालेभाजी प्लास्टिकच्या पिशवीत एका रात्रीत सडते. ओला पाला तसाच फ्रीजमध्ये ठेवणं सगळ्यात वाईट. न धुता निवडा, कोरड्या सुती कापडात सैल गुंडाळा आणि खालच्या कप्प्यात ठेवा. फोडशी-टाकळा दोन दिवस टिकेल. शेवळं मात्र ज्या दिवशी आणाल त्याच दिवशी साफ करून शिजवा.