एच-इंडेक्सचा आकडा वाचायचा कसा?

“मॅडम, माझा एच-इंडेक्स काढून द्याल का?” पीएचडीला नुकतंच नाव नोंदवलेले विद्यार्थी आणि कॅसची, म्हणजे बढतीच्या योजनेची, फाइल भरणारे प्राध्यापक, दोघेही हाच प्रश्न घेऊन विद्यापीठाच्या ग्रंथालयात येतात. संशोधकाचे पेपर आणि त्यांना मिळालेले संदर्भ यांवरून काढलेला हा आकडा निघतो पटकन. तो कसा वाचायचा हे समजावून सांगण्यासाठी मात्र मी प्रत्येकाला समोर बसवते, कारण याच आकड्यावरून माणसं स्वतःला कमी लेखू लागतात.

तुमच्या पेपरांपैकी दहा पेपरांना प्रत्येकी किमान दहा सायटेशन्स (म्हणजे दुसऱ्या लेखनात आलेले त्या पेपराचे संदर्भ) असतील, पण अकरा पेपरांना अकरा-अकरा नसतील, तर तुमचा एच-इंडेक्स दहा. हॉर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये ही पद्धत मांडली. त्याच निबंधात त्याने भौतिकशास्त्रातल्या एडवर्ड विटनचा आकडा ११० दिला आणि जीवशास्त्राच्या बाजूला सॉलोमन स्नायडरचा १९१. म्हणून स्नायडर विटनपेक्षा मोठा शास्त्रज्ञ ठरतो का? अजिबात नाही. जीवशास्त्रात पेपर जास्त निघतात आणि प्रत्येक पेपराखालची संदर्भयादीही लांब असते, त्यामुळे सगळ्यांचेच आकडे फुगतात. गणितात यादी आखूड असते आणि सायटेशन्स यायला वर्षं लागतात. दोन विषयांतले आकडे शेजारी ठेवू नका, हा इशारा या पद्धतीच्या जन्मापासून तिच्यासोबत आहे. निवड समित्यांमध्ये तो फारसा कोणी लक्षात घेत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नवख्यांना मी दामोदर धर्मानंद कोसंबींचं उदाहरण देते. गोव्यात जन्मलेला हा गणितज्ञ फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवत होता. १९४४ मध्ये त्यांनी गुणसूत्रावरच्या जनुकांमधलं अंतर कसं काढायचं यावर जेमतेम चार पानांचा निबंध लिहिला. पिकांचे जनुकीय नकाशे करणारे जगभरचे संशोधक त्यातलं सूत्र आजही ‘कोसंबी फंक्शन’ या नावाने वापरतात. गंमत अशी की ते इतकं रुळलं आहे की कित्येक पेपरांत नुसतं नाव येतं, संदर्भयादीत मूळ निबंध नसतोच, म्हणजे मोजणीतून तो वापर निसटतो. दुसरीकडे, त्यांच्या १९५६ च्या भारतीय इतिहासावरच्या पुस्तकाने अभ्यासकांच्या पिढ्या घडवल्या. पण इतिहासकार मुख्यतः पुस्तकांतून लिहितात आणि पुस्तकांतले संदर्भ सायटेशन्स मोजणारे डेटाबेस अर्धवटच टिपतात. एच-इंडेक्सच्या नियमाने १९४४ च्या त्या निबंधाला हजारो सायटेशन्स मिळाली काय आणि शंभर मिळाली काय, आकड्यात भर पडणार ती एकाचीच. गणित, जनुकशास्त्र, नाणकशास्त्र, इतिहास यांत वावरलेल्या या माणसाचं काम एका आकड्यात कसं बसवणार?

आकडा कुठून काढला हेही पाहा. गूगल स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (तपासणीआधीच खुला केलेला मसुदा), अहवाल सगळं धरतं, म्हणून तिथला आकडा बहुधा सर्वांत मोठा येतो. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स हे वर्गणीचे डेटाबेस निवडक प्रकाशनंच मोजतात. त्यामुळे आकड्यापुढे स्रोत आणि तारीख लिहा. महाविद्यालयाकडे स्कोपसची वर्गणी नसेल तर ओपनॲलेक्स हा तसाच डेटाबेस मोफत आहे. ॲन-विल हार्झिंग यांचं ‘पब्लिश ऑर पेरिश’ हे असे आकडे काढून देणारं सॉफ्टवेअरही मोफत मिळतं. विषयांमधला फरक थोडा तरी भरून काढायचा असेल तर स्कोपसचं विषयसापेक्ष माप बघा: त्याच विषयातल्या, त्याच वर्षीच्या, त्याच प्रकारच्या लेखनाला सरासरी चार सायटेशन्स मिळत असतील आणि तुमच्या पेपराला बारा मिळाली असतील, तर तुमचं माप तीन. गणितातली बारा सायटेशन्स किती मोलाची आहेत ते इथे दिसतं. मात्र मोजके पेपर असणाऱ्यांचं हे माप एखाद्याच पेपराने वर-खाली उडतं.

आपल्याकडचा खरा घोळ नावांचा. ‘पाटील एस.’ शोधलंत तर रसायनशास्त्रापासून समाजशास्त्रापर्यंतचे सगळे पाटील एका खात्यात सापडतील. लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकांचं काम दोन खात्यांत विभागलं जातं आणि एच-इंडेक्स घसरतो. पहिला पेपर पाठवण्याआधीच ऑर्किडचा, म्हणजे संशोधकाची ओळख पटवणारा, सोळा अंकी क्रमांक घ्या, त्याला पैसे लागत नाहीत. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे लावायचं की नाही, हे एकदाच ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा. स्कोपसवर दोन खाती झाली असतील तर ती एकत्र करण्याची विनंती करता येते.

इम्पॅक्ट फॅक्टरबद्दल थोडक्यात: तो नियतकालिकातल्या पेपरांना मिळणाऱ्या सायटेशन्सची सरासरी सांगतो, तुमच्या पेपराची किंमत सांगत नाही. पैसे भरून छापणारी काही नियतकालिकं मुखपृष्ठावर भलत्याच संस्थेने दिलेला ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ मिरवतात. यूजीसीने २०२५ मध्ये मान्य नियतकालिकांची केअर यादी बंद केली. तेव्हापासून नियतकालिक तपासण्याची जबाबदारी संस्थेवर आणि तुमच्यावर आली आहे. संपादक मंडळातल्या दोघातिघांना ईमेल करून ‘आपण खरंच तिथे आहात का?’ असं विचारायला लाजू नका.

मराठी साहित्य, लोकसंस्कृती, स्थानिक इतिहास यांत मराठीतून लिहिणाऱ्यांचं स्कोपसवरचं पान जवळजवळ कोरंच असतं. त्यांना मी वेगळी वही ठेवायला सांगते. कोणत्या प्रबंधात तुमचा संदर्भ आला ते शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, शोधा आणि पानाच्या क्रमांकासह उतरवून घ्या. पुस्तकाची परीक्षणं, पुनर्मुद्रणं, कोणत्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात ते लागलं, याची कात्रणं आणि परिपत्रकं जपून ठेवा. हे काम दर दिवाळीच्या सुट्टीत करा. मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात ते जमत नाही.